थंडीतली बॅच: रेशमाच्या शेडची ऊब थर्मोस्टॅटवर सोपवताना

डिसेंबर-जानेवारीत रेशमाची बॅच बिघडते ती पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान, आणि नेमकं तेव्हाच घरातलं प्रत्येक माणूस गाढ झोपेत असतं. बाहेरच्या लोकांना मराठवाडा म्हटलं की नुसतं ऊन आठवतं. आमच्या परभणी जिल्ह्यात येऊन एक जानेवारी काढून बघा. दुपारी अठ्ठावीस-तीस अंश आणि पहाटे आठ-दहा. कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. पत्र्याचं शेड सूर्य बुडाला की तासाभरात गार पडतं. माणूस गोधडी ओढून घेतो, अळी काय ओढून घेणार?

आमचं गाव पूर्णा तालुक्यात. मनरेगातून एक एकर तुती लावली, व्ही-१ जातीची, आणि पन्नास बाय बावीसचं शेड उभं केलं. त्याला आता सहावा हिवाळा चालू आहे. शेती ह्यांच्याकडे, पण शेड पहिल्या दिवसापासून माझ्याकडे. लेक पुण्यात नोकरीला आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हिटर आपोआप चालू-बंद करणारं यंत्र, घ्यायची कल्पना त्याची. तो कुठे ठेवायचा, किती अंशांवर लावायचा, कधी त्याच्यावर भरवसा ठेवायचा आणि कधी नाही, हे मात्र शेडमध्ये बसून मला शिकावं लागलं. तेच इथं सांगते. चॉकी सेंटरवरून, म्हणजे अंड्यातून निघालेल्या बाळअळ्या वाढवून देतात तिथून, दुसरा मोल्ट पास झालेल्या (दुसऱ्यांदा कात टाकलेल्या) अळ्या आणून जे संगोपन करतात, त्यांच्यासाठी हे जास्त उपयोगाचं आहे.

आधी ऊब कशासाठी लागते ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रेशीम अळीला स्वतःच्या अंगची ऊब नसते. शेड गार तर अळी गार. अळी गार पडली की तिची भूक मंदावते आणि वाढ रेंगाळते. वीस अंशांच्या खाली तर ती पाल्यावर नुसती पडून असते. पण खरं नुकसान कात टाकायच्या वेळी होतं. रॅकच्या वरच्या कप्प्यातल्या अळ्या उबेमुळे आधी मोल्टला बसतात, खालच्या कप्प्यातल्या अजून खात असतात. आता पाला द्यायचा की बंद करायचा? दिला तर मोल्टला बसलेल्या अळ्या पाल्याखाली दबतात, बेड, म्हणजे अळ्या-पाल्याचा थर, ओला होतो. नाही दिला तर खालच्या उपाशी राहतात. एकदा का हा फरक पडला की तो चंद्रिकेपर्यंत, म्हणजे अळ्या कोष विणायला चढतात त्या जाळीपर्यंत, सोबत येतो. काही अळ्या कोष करायला चढतात, काहींना अजून दोन दिवस पाला हवा असतो. म्हणून थर्मोस्टॅटकडून मला नुसती गरमी नको असते, सगळ्या कप्प्यांना आणि सगळ्या रात्रीला सारखी ऊब हवी असते. हे डोक्यात पक्कं असलं तर यंत्र कसं लावायचं ते आपोआप समजतं.

शेगडी आधी बाहेर काढा

पहिले दोन हिवाळे आम्ही लोखंडी घमेल्यात कोळसा पेटवून शेडमध्ये ठेवायचो. गावात सगळे तसंच करायचे. दुसऱ्या वर्षी जानेवारीत एका रात्री आत्याबाई म्हणाल्या, "तू दोन रात्री जागायलीस, आज मी बसते." पडदे घट्ट लावलेले होते. पहाटे मी गेले तर त्या रॅकला टेकून बसलेल्या, डोकं गच्च धरलेलं, उठता येईना. बाहेर अंगणात आणून झोपवलं, मोकळी हवा लागली, सकाळी दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं समजू नका. अळीलाही धूर चालत नाही. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये शेगडी नाही, रॉकेलचा स्टोव्ह नाही, डासांची अगरबत्ती तर दारातही नाही, कारण डास मारणारं औषध अळीलाही मारतं.

आधी खोली, मग हिटर

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्खं शेड तापवायला जाणं. पन्नास बाय बावीसचं पत्र्याचं शेड दोन-तीन हिटरनी तापत नाही, फक्त मीटर पळतं. तिसऱ्या अवस्थेत, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या मोल्टच्या मधल्या काळात, शंभर अंडीपुंजांच्या (एक पुंज म्हणजे एका मादीची अंडी) अळ्यांना जागा किती लागते? शेडचा एक कोपरा. तेवढाच कोपरा बंद करा.

मी शेडच्या आत, दक्षिणेच्या भिंतीला धरून, दहा बाय बारा फुटांची खोली उभी करते. बांबूचा सांगाडा, उंची सात फूट. आतून जाड प्लास्टिकचा कागद, त्याच्यावर चार बोटं जागा सोडून बाहेरून शिवलेली पोती. मधली अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, आपल्या गोधडीत दोन थर असतात तसंच. छतसुद्धा घालायचंच. ऊब वर जाते आणि पत्र्यातून निघून जाते, म्हणून छताला मी पोत्यांचे दोन थर देते. दाराला दुहेरी पडदा, म्हणजे एक उघडला तरी दुसरा मिटलेला राहतो.

एवढ्या खोलीला २००० वॉटचा एक हिटर पुरतो. चौथ्या अवस्थेत अळ्या पसरल्या की सांगाडा वीस फुटांपर्यंत वाढवते आणि दुसरा हिटर लावते, तो वेगळ्या लायनीवर.

अळ्या यायच्या आदल्या रात्री रिकामी खोली तापवून बघा. हा माझा हट्ट आहे. हिटर लावून, थर्मोस्टॅट २६ वर ठेवून, पहाटे पाच वाजता जाऊन बघा. हिटर थांबून-थांबून चालत असेल तर खोली पास झाली. सतत चालू असून २६ गाठत नसेल तर मोठा हिटर आणायला धावू नका. आणखी एक थर पोती लावा, फटी बुजवा, पुन्हा बघा. हिटर घेतला त्या पहिल्या वर्षी तो रात्रभर चालून २१च्या वर जाईना. छतावर पोती टाकली, दुसऱ्या रात्री तोच हिटर २५वर पोचला.

हिटर कोणता

मी दोन्ही वापरून बघितले. पंख्याचा हिटर ऊब लवकर पसरवतो आणि बंद केला की लगेच थंड होतो, त्यामुळे थर्मोस्टॅटचं ऐकतो. पण त्याची हवा सरळ बेडवर गेली तर पाला तासाभरात सुकतो, आणि तुतीचा बारीक कचरा आत ओढला जातो. तेलाचा, पात्यांचा रेडिएटर असतो, तो संथ आहे. त्यात लाल तापलेली तार उघडी नसते, पाला तितका सुकत नाही, आवाज नाही. दोष एकच. थर्मोस्टॅटने बंद केला तरी आतलं तेल गरम असतं, त्यामुळे खोली आणखी अर्धा-एक अंश चढते. मी रात्रीसाठी तेलाचाच पसंत करते.

घेताना एक गोष्ट दुकानातच तपासा. हिटरचं बटण साधं, फिरवायचं किंवा दाबायचं असावं. ज्याला टचचं बटण आणि रिमोट असतो, तो वीज जाऊन आली की बहुतेक वेळा बंदच राहतो. मग थर्मोस्टॅट कितीही "चालू" म्हणाला तरी हिटर गार. दुकानात प्लग काढून परत लावायला सांगा. आपोआप सुरू झाला तरच घ्या. आणि घरी आणल्यावर हिटरचं स्वतःचं तापमानाचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवा, म्हणजे दोन मालक होणार नाहीत. हुकूम थर्मोस्टॅटचाच चालला पाहिजे.

हिटरच्या चारी बाजूंनी तीन-साडेतीन फुटांत पाला, वाळक्या फांद्या, पोती, प्लास्टिक काहीच नको. मी खाली शहाबादी फरशी ठेवली आहे आणि भोवती विटांची एक ओळ लावली आहे, कारण अंधारात घाईत पाय लागतो.

थर्मोस्टॅट आणि वायरिंग

बाजारात दोन प्रकार मिळतात. एक साधा डिजिटल कंट्रोलर, एसटीसी-१००० या नावाने ओळखला जातो. त्याला मोबाइल लागत नाही. दुसरा वाय-फायचा, ज्याला सेन्सरची वायर जोडता येते आणि ज्याचे आकडे मोबाइलवर दिसतात. स्मार्ट म्हणतात तो हा. घेताना त्याची रिले, म्हणजे आतला वीज जोडणारा-तोडणारा स्विच, १६ अँपिअरची आहे ना ते बघा. २००० वॉटचा हिटर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो. दहा अँपिअरच्या रिलेवर तो रात्रभर चालू-बंद करत राहिलात तर ती काठावर चालते.

मी दोन्ही लावले आहेत आणि तुम्हीही लावा असं माझं ठाम मत आहे. कारण सांगते. रिलेचे संपर्क ठिणग्यांनी कधी कधी चिकटून बसतात. मग मोबाइलवर "बंद" दिसतं आणि हिटर तापतच राहतो. म्हणून रोजचं काम वाय-फायवाला करतो आणि त्याच्या अलीकडे साधा कंट्रोलर एका कॉन्टॅक्टरमार्फत (मोठा भार पेलणारा विजेवर चालणारा स्विच) पहारेकरी म्हणून बसवला आहे, ३० अंशांवर. खोली ३०ला पोचली की तो मागूनच वीज तोडतो.

साध्या कंट्रोलरमध्ये चार आकडे भरायचे असतात. एफ१ म्हणजे हवं ते तापमान. एफ२ म्हणजे फरक. एफ१ मध्ये ३० आणि एफ२ मध्ये १ भरलं तर तो २९ला हिटर जोडतो आणि ३०ला तोडतो. एफ३ ही थांबायची मिनिटं, ती थंड करणाऱ्या कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी. एफ४ म्हणजे सेन्सर चुकत असेल तर ती चूक भरून काढायचा आकडा.

हे वायरिंग स्वतः करू नका. आमच्याकडे बोअरची मोटर जोडणारा माणूस सगळंच जोडतो, पण त्याला पुढच्या गोष्टी तोंडाने सांगा: तांब्याची अडीच चौरस मिलिमीटरची वायर, १६ अँपिअरची एमसीबी (भार वाढला की वीज तोडते ती), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली, शॉक बसला की तोडते ती), आणि खरं अर्थिंग. शेडमध्ये फरशी ओली असते, आपले हात ओले असतात, चुना-पाणी सांडलेलं असतं. आरसीसीबीचे पैसे वाचवू नका. तिचं टेस्टचं बटण मी दर बॅचला दाबून बघते.

सेन्सर: सगळं यावर आहे

यंत्राला खोलीचं तापमान कळत नाही. सेन्सरचं टोक जिथं आहे तिथलंच कळतं. म्हणून त्याची जागा ठरवायला मी पूर्ण एक दिवस दिला होता.

आधी सेन्सर खरं बोलतो का ते तपासा. बर्फ कुटून थर्मासमध्ये भरा, थोडंसंच पाणी घाला, सेन्सरचं स्टीलचं टोक त्यात बुडवून पाच मिनिटं हलवत राहा. शून्य दाखवायला पाहिजे. माझा एक सेन्सर शून्याऐवजी १.४ दाखवायचा. म्हणजे तो २६ म्हणायचा तेव्हा अळ्या साडेचोविसाच्या आसपास असायच्या, आणि मी विचार करत बसायची की सगळं बरोबर असून मोल्ट उशिरा का. ती चूक कंट्रोलरमध्ये दुरुस्त करून घ्या.

आता जागा. भिंतीला लावू नका, भिंत गार असते. हिटरच्या समोर नको. छताजवळ नको. मधल्या कप्प्याच्या बेडपासून चार बोटं वर, रॅकच्या मधोमध, टोक हवेत लोंबतं राहील असं बांधा. पाल्याला टेकलं तर ओल्या पाल्याचं तापमान दाखवतं. आणि पक्कं बांधा. तिसऱ्या हिवाळ्यात मी नुसतं सुतळीने लटकवलं होतं. रात्री उंदराने की कशाने ओढलं, टोक खाली फरशीवर पडलं. फरशीवर १९ अंश. यंत्राला वाटलं खोली गारठली, हिटर थांबलाच नाही. पहाटे वरच्या कप्प्यात ३४ अंश होते. अळ्या पाला सोडून कडेला आल्या होत्या. त्या बॅचचे कोष हलके आले, वजनात मार बसला. ३० अंशांचा पहारेकरी मी त्यानंतर बसवला. त्याचा सेन्सर मुद्दाम वरच्या कप्प्यात आहे. आता दोन्ही टोकं प्लास्टिकच्या पट्टीने दोन-दोन ठिकाणी बांधलेली असतात आणि झोपायच्या आधी त्यांना हात लावून बघितल्याशिवाय मी घरात जात नाही.

वरच्या आणि खालच्या कप्प्यात किती फरक आहे, ते तीन साधे थर्मामीटर टांगून मोजा. आमच्याकडे तीन अंशांचा निघाला. छताजवळ एक छोटा पंखा अगदी हळू, छताकडे तोंड करून फिरवला, तर फरक एका अंशावर आला. त्यातूनही उरतो तो मी पाला देताना ट्रे खाली-वर करून मिटवते. तिसऱ्या अवस्थेत ट्रे उचलता येतात, पुढे फांदी पद्धतीत, म्हणजे अख्ख्या फांद्या बेडवर टाकतात तेव्हा, ते जमत नाही, म्हणून समानता आधीच साधा.

आकडे किती लावायचे

तिसऱ्या अवस्थेत २६ अंश, आर्द्रता ८० टक्के. चौथ्या अवस्थेत २५ आणि ७० ते ७५. पाचव्या अवस्थेत २४ आणि ६५ ते ७०. मोल्टला बसल्या की तापमान एक अंश खाली आणि आर्द्रता ७०वर, चुना मारून पाला बंद, हवा खेळती. लोकांना वाटतं लहान अळीला जेवढी ऊब तेवढीच मोठीला. तसं नाही. पाचव्या अवस्थेत अळी भरपूर खाते, बेडमध्येच उष्णता आणि ओल तयार होते, तिथं २७-२८ ठेवलं तर रोगाला बोलावणं.

चालू आणि बंद यातला फरक मी एक अंश ठेवते, म्हणजे २५ला हिटर लागतो, २६ला सुटतो. कुणी पाव अंश ठेवतात. त्याने रिले दर दोन मिनिटांनी टक-टक करते आणि लवकर मरते. तेलाचा हिटर असेल तर बंद व्हायचा आकडा अर्धा अंश अलीकडे लावा, २५.५, कारण उरलेली ऊब तो स्वतःच देतो.

वेळापत्रकाची सोय मोबाइलवर असते. शहरात लोक कामावर जाताना घराचं तापमान उतरवतात आणि यायच्या आधी चढवतात, त्यासाठी ती केलेली आहे. अळीला बाहेर जायचं नसतं. तिला दिवसरात्र एकच आकडा द्या. मी वेळापत्रक फक्त पंख्यासाठी वापरते: दुपारी बारा ते साडेबारा एक्झॉस्ट फॅन आपोआप चालतो, कारण तेव्हा बाहेरची हवा गरम असते आणि आतली कोंडलेली हवा काढली तरी खोली गारठत नाही. अळ्या श्वास घेतात, पालाही घेतो. नुसती ऊब देऊन खोली डब्यासारखी बंद ठेवली तर अळ्या सुस्तावतात.

ऊब दिली की ओल पळते

हे कुणीच मला आधी सांगितलं नाही. पहाटेची दहा अंशांची हवा ८० टक्के ओलसर असली तरी तीच २६ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी तेवढंच असतं, पण गरम हवेची तहान वाढते. ती तहान ती पाल्यातून भागवते. रात्री दहाला दिलेला पाला तीन वाजता कागदासारखा. अळी उबेत आहे पण उपाशी.

म्हणून हिटरसोबत पाण्याची सोय पाहिजेच. मी बाजूच्या पडद्याला आतून पोती टांगते आणि संध्याकाळी भिजवते, हिटरपासून लांब. हिटरच्या विरुद्ध कोपऱ्यात दोन पसरट घमेली पाण्याने भरलेली. तिसऱ्या अवस्थेत बेडवर रात्री पॅराफिन कागद झाकते, पाला ताजा राहतो. मोल्टला बसल्या की तो काढायचा. आर्द्रता दाखवणारं डिजिटल यंत्र घेतलं तरी ओल्या-सुक्या बल्बचा जुना तापमापक भिंतीवर ठेवा. डिजिटलवाला चुन्याच्या धुळीत वर्षभरात भरकटतो, तो नाही भरकटत. फक्त त्याची वात रोज ओली आणि स्वच्छ पाहिजे.

पाल्याचंही एक. सकाळी सहाला तोडलेला दवाने ओला पाला सरळ बेडवर टाकला तर मोबाइलवरची रेघ दोन अंश खाली येते, मी कितीदा बघितलं आहे. रात्रीसाठी संध्याकाळी चार वाजता पाला तोडते, ओल्या कपड्याखाली शेडमध्येच ठेवते. सकाळच्या पाल्यावरचं दव उतरू देते, घटकाभर आत ठेवते, मग देते.

मोबाइलवर काय बघायचं

वाय-फायचे हे कंट्रोलर बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवरच चालतात, जोडताना अडलं तर आधी तेच तपासा. शेडमध्ये सिमकार्डचा छोटा राउटर ठेवला आहे. जोडणी झाली की एक परीक्षा घ्या: राउटर बंद करा, सेन्सर हातात धरून गरम करा, मग गार पाण्यात बुडवा. इंटरनेट नसतानाही यंत्र हिटर चालू-बंद करतं का? करत असेल तर ठीक. नसेल करत तर ते शेडमध्ये ठेवू नका. आमच्याकडे रेंज जाणं काही नवीन नाही, आणि अळ्यांची रात्र टॉवरवर सोडता येत नाही.

सूचना दोन लावा. तिसऱ्या अवस्थेसाठी २३च्या खाली आणि २८च्या वर. सूचनेचा आवाज फोनच्या नेहमीच्या आवाजापेक्षा वेगळा ठेवा, नाहीतर व्हॉट्सॲपच्या सुप्रभातात ती हरवते. माझ्या फोनसोबत लेकाच्या फोनवरही ती जाते. एकदा पहाटे साडेतीनला त्यानेच पुण्याहून फोन केला, "आई, शेड बावीसवर आलंय, बघ बरं." बाहेरचा पडदा वाऱ्याने सुटला होता.

आलेख वाचायला शिका. चांगल्या रात्रीची रेघ करवतीच्या दातांसारखी दिसते, बारीक आणि सारखी. दात लांबत गेले तर हिटरला जास्त वेळ लागतोय, म्हणजे कुठंतरी फट आहे किंवा व्होल्टेज कमी आहे. रेघ अगदी सपाट झाली तर खूश होऊ नका, सेन्सर किंवा जोडणी तुटली असण्याची शक्यता जास्त.

बिलाचा अंदाजही त्यातूनच येतो. माझ्या खोलीत हिटर रात्रभरात मिळून पाच-सहा तास प्रत्यक्ष चालतो, म्हणजे दहा-बारा युनिट. पोती लावायच्या आधी हाच आकडा जवळपास दुप्पट होता.

वीज गेली तर

हिटरची लाइन घरच्या इन्व्हर्टरवर चुकूनही घेऊ नका, तो भार त्याला पेलत नाही. राउटर मात्र इन्व्हर्टरवर ठेवा, आणि खोलीत सेलवर चालणारा एक वेगळा वाय-फाय तापमापक ठेवा. वीज गेल्यावर मुख्य यंत्र मुकं होतं, तेव्हा हा बोलतो.

वीज गेली की पहिलं काम म्हणजे खोली उघडायची नाही. चांगल्या बांधलेल्या खोलीत पहिला तासभर काही होत नाही. त्यापुढं माझ्याकडे दुधाचे वीस लिटरचे दोन ॲल्युमिनियमचे कॅन आहेत. बाहेर चुलीवर पाणी तापवून, हात लावू शकणार नाही इतकं कढत, झाकण घट्ट लावून रॅकच्या खाली ठेवते. दोन कॅन मिळून त्या २००० वॉटच्या हिटरच्या जवळपास तासाभराची ऊब देतात, हळूहळू सोडतात, आणि धूर नाही. आत्याबाई आता स्वतः पाणी तापवायला बसतात. चूल शेडच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

पाचवी अवस्था आणि चंद्रिका

पाचव्या अवस्थेत अळ्या सगळ्या शेडमध्ये पसरतात, तिथं खोली चालत नाही. तेव्हा थर्मोस्टॅटकडून २४ची अपेक्षा मी सोडून देते. दुपारची ऊब पडद्यांनी धरून ठेवायची, साडेचारलाच पडदे उतरवायचे, उत्तरेची बाजू पूर्ण बंद, आणि दोन्ही हिटर २१वर लावून ठेवायचे, म्हणजे पहाट सावरते. अवस्था एखाद-दोन दिवस लांबते, तेवढा पाला हिशोबात धरा.

चंद्रिकेवर चढल्यावर मात्र पुन्हा लक्ष द्या. कोष विणताना २४-२५ अंश आणि आर्द्रता ६० ते ६५ लागते. यावेळी ओली पोती काढून टाका, घमेली उचला, हवा खेळती ठेवा. आठवडाभर पाण्याच्या मागे लागलेला हात इथं आवरावा लागतो. कोंदट हवेत विणलेला कोष कारखान्यात नीट उलगडत नाही, आणि जालन्याच्या बाजारात कोष हातात घेऊन हलवून बघणारा व्यापारी ते लगेच ओळखतो. हिवाळ्यात मी कोष सातव्या-आठव्या दिवशी उतरवते, आतला कोषकीटक घट्ट आणि तपकिरी झाला की.

शेड धुऊन निर्जंतुक करायच्या आधी कंट्रोलर, सेन्सर आणि राउटर काढून घ्या, औषधाच्या वाफेत त्यांचे संपर्क खराब होतात. मी कोरड्या कपड्याने चुना पुसते, सेन्सरची वायर सैल गुंडाळते, आणि सगळं एका डब्यात ठेवते. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून पेनाने लिहून ठेवलं आहे: कोणता सेन्सर बर्फात किती दाखवत होता, आणि कोणत्या तारखेला.